वय कोणाचे मोजायचे

२ जून २०२१ रोजी लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्धची कसोटी सुरू होण्यापूर्वी इंग्लंडचे खेळाडू मैदानात रांगेने उभे राहिले होते. वंश, धर्म, लिंग किंवा लैंगिकता यांवरून होणाऱ्या भेदभावाचा निषेध करणारे टी-शर्ट त्यांनी घातले होते. त्या रांगेत पदार्पण करणारा ऑली रॉबिन्सन हा २७ वर्षांचा उंचापुरा वेगवान गोलंदाजही होता. दिवसभरात त्याने टॉम लॅथम आणि रॉस टेलर यांना बाद केले. पहिल्या कसोटीचा पहिलाच दिवस यापेक्षा चांगला जाण्याची अपेक्षा कोणी करत नाही. मात्र तो मैदानात असतानाच त्याची २०१२च्या आसपासची ट्वीट्स लोकांच्या फोनवर फिरू लागली. मुसलमानांना दहशतवादाशी जोडणारी, आशियाई लोकांची आणि स्त्रियांची टवाळी करणारी ती वाक्ये होती. सकाळी टी-शर्टवर ज्या ज्या गोष्टींचा निषेध होता, त्यांतल्या बऱ्याचशा संध्याकाळी त्याच्याच नावावर निघाल्या. खेळ संपल्यावर त्याला कॅमेऱ्यासमोर उभे राहून माफी मागावी लागली.

मी तो सामना पाहत होतो. ती ट्वीट्स वाचल्यावर मला आधी राग आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. माझ्या मनात आधी आले ते एवढेच, की पोर होता बिचारा. मिसरूड फुटण्याच्या वयात माणूस काहीबाही बोलतो, मित्रांना हसवण्यासाठी वाटेल ते लिहितो, आणि पुढे शहाणा होतो. मी मनातल्या मनात त्याचे वय मोजले, १८-१९ असे काहीतरी आले, आणि माझ्यापुरता निकाल लागला. पुढच्या काही दिवसांत जो तो हाच हिशेब मांडताना दिसला. त्या सामन्यात रॉबिन्सनने एकूण सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ४२ धावाही केल्या. सामना संपला त्याच दिवशी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने चौकशी होईपर्यंत त्याला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निलंबित केले, तेव्हा थेट सांस्कृतिक खात्याचे मंत्री ऑलिव्हर डाउडेन यांनी ही कारवाई अतिरेकी असल्याचे म्हटले आणि पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी त्यांना दुजोरा दिला. त्यांचाही मुद्दा तोच होता: हे एका किशोरवयीन मुलाने जवळपास दशकभरापूर्वी लिहिलेले होते आणि आता तो मुलगा मोठा झाला आहे.

शिक्षा अखेर बेताची झाली. शिस्तपालन आयोगाने आठ सामन्यांची बंदी घातली, त्यांतले पाच सामने दोन वर्षांसाठी स्थगित ठेवले आणि उरलेले तीन त्याने आधीच बाहेर बसून भरलेले धरले. शिवाय ३,२०० पौंडांचा दंड झाला. ऑगस्टमध्ये तो भारताविरुद्धच्या मालिकेत परतला आणि चार कसोटींत २१ बळी घेऊन गेला. ज्यांना त्याची कारकीर्द संपली असे वाटले होते त्यांची चिंता अनाठायी ठरली, आणि ती संपावी असे ज्यांना वाटत होते त्यांचाही विरस झाला.

या प्रकरणांचा एक ठरलेला मुहूर्त असतो, आणि तो नेमका कौतुकाच्या दिवशी येतो. १७ जुलै २०१८ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी बेसबॉलचा ऑल-स्टार सामना चालू होता. मिलवॉकी ब्रुअर्सचा जॉश हेडर गोलंदाजीला आला, जाँ सेगुराने त्याच्या चेंडूवर तीन धावांचा होमरन मारला, आणि त्याच सुमारास हेडरने १७व्या वर्षी केलेली वंशद्वेषी आणि समलिंगीद्वेषी ट्वीट्स बाहेर आली. त्याच्या नावाची जर्सी घालून प्रेक्षकांत बसलेल्या नातेवाइकांना ती बदलून बिननावाचे कपडे घालावे लागले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत अटलांटाचा शॉन न्यूकम हा सामन्यात एकही हिट न देण्याच्या दुर्मीळ विक्रमापासून अवघ्या एका स्ट्राइकवर येऊन हुकला, आणि सामना संपतो न संपतो तोच त्याचीही जुनी ट्वीट्स हजर झाली. कायलर मरे याला डिसेंबर २०१८मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च मानाचा हाइझमन चषक मिळाला, आणि काही तासांत त्याने १४-१५ वर्षांचा असताना वापरलेली शिवी चव्हाट्यावर आली. इंग्लंडमध्ये आंद्रे ग्रे याने २० ऑगस्ट २०१६ रोजी बर्नलीकडून लिव्हरपूलविरुद्ध गोल केला, त्यापाठोपाठ त्याची २०१२ची ट्वीट्स आली, आणि फुटबॉल संघटनेने चार सामन्यांची बंदी व २५,००० पौंड दंड ठोठावला.

यात गूढ असे काही नाही. ज्या दिवशी एखाद्याचे नाव हजारो लोक शोधू लागतात, त्या दिवशी त्यांतला एखादा जण त्या नावापुढे एखादी शिवी टाकून शोधतो. यंत्र दोन सेकंदांत दहा वर्षे चाळून देते. पूर्वी जुनी मढी उकरायला निदान कुदळ उचलावी लागत असे. शोधणारा हा काही न्यायासाठी झोप उडालेला माणूस असतोच असे नाही. तो प्रतिस्पर्धी संघाचा चाहता असेल, कंटाळलेला असेल, किंवा कोणाचे कौतुक सहन न होणारा असेल. त्याचा हेतू शुद्ध नसतो म्हणून सापडलेले वाक्य शुद्ध होत नाही, हेही तितकेच खरे आहे. तरीही त्या हेतूचा वास प्रकरणाला शेवटपर्यंत चिकटून राहतो.

अर्जेंटिनाच्या रग्बी संघाची हकीकत या बाबतीत फारच बोलकी आहे. १४ नोव्हेंबर २०२० रोजी पाब्लो मातेरा याच्या नेतृत्वाखाली त्या संघाने न्यूझीलंडला २५-१५ असे हरवले. न्यूझीलंडवरचा तो अर्जेंटिनाचा पहिला विजय होता, आणि मातेरा रातोरात देशाचा लाडका झाला. ११ दिवसांनी दिएगो माराडोना गेला. पुढच्या सामन्यात न्यूझीलंडच्या कर्णधाराने हाकाच्या, म्हणजे सामन्यापूर्वीच्या त्यांच्या पारंपरिक माओरी नृत्याच्या, आधी माराडोनाच्या नावाची आपल्या संघाची जर्सी मैदानावर अंथरली, आणि अर्जेंटिनाचे खेळाडू मात्र दंडाला काळी पट्टी लावून उभे राहिले. परक्यांनी आपल्या माणसाला जो मान दिला तो आपल्यांनी दिला नाही, असे देशाला वाटले. त्या संतापात कोणीतरी मातेराची जुनी ट्वीट्स उकरली. २०११ ते २०१३ या काळातल्या त्या मजकुरात शेजारच्या देशांतून आलेल्या लोकांबद्दल, घरकाम करणाऱ्या बायकांबद्दल आणि काळ्या लोकांबद्दल अत्यंत हिणकस मजकूर होता. संघटनेने त्याचे कर्णधारपद काढले, त्याच्यासह गिदो पेती आणि सांतियागो सोसिनो यांना निलंबित केले, आणि मग काही दिवसांतच, इतर खेळाडू पाठीशी उभे राहिल्यावर, निलंबन मागे घेतले.

राग जर्सीचा होता आणि शिक्षा ट्वीटची झाली. ज्यांच्याबद्दल ते सगळे लिहिले होते, त्या घरकाम करणाऱ्या बायका या सगळ्या गदारोळात कुठेच नव्हत्या. निलंबन झाले तेही त्यांना विचारून झाले नाही आणि उठवले तेही त्यांना विचारून उठवले नाही. हे माझ्या लक्षात यायला मात्र बराच वेळ लागला, आणि ते आले एका वेगळ्याच वाटेने.

ऑगस्ट २०२१मध्ये, भारत-इंग्लंड मालिकेतली लॉर्ड्सची कसोटी संपलेली आणि हेडिंग्लीची सुरू व्हायची असताना, एका सकाळी फेसबुकने मला एक आठवण काढून दाखवली. बारा वर्षांपूर्वी याच दिवशी तुम्ही हे लिहिले होते, असे ते यंत्र मोठ्या प्रेमाने सांगते. बहुतेक वेळा त्यात सहलीचा फोटो नाहीतर वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. या वेळी एक ओळ होती. कास्टर सेमेन्याबद्दलची.

१९ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनमधल्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेच्या सेमेन्याने ८०० मीटरची अंतिम शर्यत जिंकली होती. दुसऱ्या क्रमांकाच्या धावपटूपेक्षा ती दोन सेकंदांहून अधिक पुढे होती, आणि ८०० मीटरमध्ये दोन सेकंद म्हणजे काय ते धावणाऱ्यालाच कळते. परंतु शर्यतीच्या काही तास आधीच आंतरराष्ट्रीय महासंघाने तिच्या लिंगपडताळणीची चाचणी मागितल्याचे जगजाहीर झाले होते. सुवर्णपदक जिंकूनही पत्रकार परिषदेला ती आली नाही. तिच्या जागी महासंघाचा अधिकारी बसून प्रश्नांना उत्तरे देत होता. पुढचे जवळपास अकरा महिने, जुलै २०१०मध्ये परवानगी मिळेपर्यंत, ती स्पर्धेत उतरू शकली नाही. त्यानंतर नियम बदलत गेले, वाद लवादापुढे आणि न्यायालयांत गेला, आणि त्यातले शास्त्रीय व कायदेशीर प्रश्न खरोखर अवघड आहेत. माझ्या ओळीचा त्या अवघड प्रश्नांशी काडीचाही संबंध नव्हता. मी तिच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून आणि दंडांवरून एक विनोद केला होता. तो इथे पुन्हा लिहीत नाही. लिहिला तर पुन्हा एकदा केल्यासारखेच होईल.

अकरा जणांना तो आवडला होता. त्याखाली हसणाऱ्या प्रतिक्रिया होत्या, आणि एकाने त्यावर आणखी वरचढ विनोद केला होता, त्याला मी दादही दिली होती. त्या सगळ्यांच्या मध्ये महाविद्यालयातल्या माझ्या एका मैत्रिणीने एकच वाक्य लिहिले होते: "तिची वेळ पाहिलीस का?" ही मैत्रीण स्वतः ८०० मीटर धावत असे. तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलेले नव्हते.

मी सवयीने पुन्हा वय मोजायला घेतले आणि अडखळलो. ती ओळ लिहिली तेव्हा मी २६ वर्षांचा होतो. माझे शिक्षण संपले होते, मी नोकरी करत होतो, मतदान करत होतो आणि जगातल्या अन्यायांवर तावातावाने बोलत होतो. पोर होता बिचारा, हे वाक्य माझ्या कामाचे नव्हते. मग मी सेमेन्याची जन्मतारीख शोधली. ७ जानेवारी १९९१. बर्लिनमध्ये धावली तेव्हा ती १८ वर्षांची होती.

रॉबिन्सनच्या बाबतीत मी ज्या आकड्यावरून त्याला मोकळे सोडले होते, तोच आकडा आता पलीकडच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. आपण लिहिणाऱ्याचे वय मोजतो आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याचे कधीच मोजत नाही. २०१२मध्ये क्रिकेट खेळणारी एखादी १२-१३ वर्षांची मुसलमान मुलगी असेल, आणि मैदानावर, ड्रेसिंग रूममध्ये, फोनवर अशी वाक्ये ऐकून आपले इथे काही काम नाही असे ठरवून तिने खेळ सोडला असेल, तर तिच्या वयाचा हिशेब कोणत्या आयोगापुढे होतो? ती मुलगी माझ्या कल्पनेतली आहे हे मान्य. पण तो निकालाचा कागद तरी कोणत्या खऱ्या मुलीला विचारून लिहिला गेला?

जुने या शब्दाचाही असाच घोळ आहे. ट्वीट लिहिणाऱ्यासाठी ते नऊ वर्षांचे असते, कारण त्याने ते लिहिले, हसला आणि विसरला. ज्याला ते आज पहिल्यांदा दिसते त्याच्यासाठी ते आजचेच असते. रॉबिन्सनच्या त्या वाक्यांखाली तारीख २०१२ची होती आणि ती वाचणाऱ्या मुसलमान प्रेक्षकाच्या समोर २०२१चा टी-शर्ट होता. दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच संध्याकाळी.

म्हणून आता मला हेडरच्या हकीकतीतला पुढचा भाग आधीपेक्षा वेगळा दिसतो. ऑल-स्टार सामन्यानंतर चार दिवसांनी तो मिलवॉकीत आपल्या मैदानावर गोलंदाजीला आला, तेव्हा घरच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हा ते दृश्य मला मोठ्या मनाचे वाटले होते. आता मी विचारतो, क्षमा करण्याचा अधिकार त्या प्रेक्षकांकडे कुठून आला? ती वाक्ये ज्यांच्याविषयी नव्हती ते टाळ्या वाजवत होते. त्यांना काहीच सोसावे लागले नव्हते, त्यामुळे त्यांची क्षमा फुकट होती. त्याच संघातला कृष्णवर्णीय खेळाडू लोरेन्झो केन हेडरच्या बाजूने बोलला, तरुणपणी सगळेच वेडेवाकडे बोलतात, मी या माणसाला ओळखतो, अशा आशयाचे. त्याच्या शब्दांना मी वजन देतो, कारण ते देताना त्याला काहीतरी गिळावे लागले असणार. एका केनने सगळ्यांच्या वतीने क्षमा करावी, ही अपेक्षाही मात्र बरोबर नाही.

शिक्षा नकोच, असे मला म्हणायचे नाही. रॉबिन्सनला पुढच्या कसोटीतून बाहेर ठेवले ते योग्य होते, आणि मंत्र्यांनी त्यात पडण्याचे काही कारण नव्हते. टी-शर्ट घालून उभे राहायचे आणि चार दिवसांनी काहीच घडले नाही असे वागायचे, तर ते टी-शर्ट शिवलेच कशाला? त्याच वेळी, विस्डेन या क्रिकेट प्रकाशनाच्या संकेतस्थळाला इंग्लंडच्या आणखी एका खेळाडूचे जुने आक्षेपार्ह ट्वीट सापडले होते, पण ते लिहिले तेव्हा तो १६ वर्षांचाही नव्हता म्हणून त्यांनी त्याचे नाव छापले नाही. बातमी दिली आणि नाव झाकले. हा संयम मला अजूनही आवडतो. वयाला अर्थ नाही असे नव्हेच. तो एकाच बाजूने मोजला जातो, एवढीच माझी तक्रार आहे, आणि त्या तक्रारीत मी स्वतःही आरोपी आहे.

या सगळ्या प्रकरणांचा खेळाडूंवर एक परिणाम ठळकपणे झाला. आता करारावर सही होण्यापूर्वी जुनी खाती पुसून घेतली जातात. जॉश ॲलनची ट्वीट्स २०१८मध्ये एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगमधल्या नव्या खेळाडूंच्या निवडीच्या ऐन आदल्या रात्री निघाली आणि तरीही तो सातव्या क्रमांकावर निवडला गेला, परंतु त्याच्यानंतरच्या मुलांना धडा मिळाला तो पुसण्याचा. तारीख द्यायची आणि त्याआधीचे सगळे नाहीसे करायचे. पुसताना ती वाक्ये वाचावीसुद्धा लागत नाहीत.

यॉर्कशरचा माजी क्रिकेटपटू आझीम रफिक याला असे पुसता आले असते का, कोण जाणे. १६ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे यॉर्कशर क्लबमधल्या वंशद्वेषाची साक्ष दिली. बोलताना त्याला रडू फुटले, आणि इंग्लंडच्या क्रिकेटला हादरा बसला. दोनच दिवसांनी २०११मधले त्याचे फेसबुकवरचे संदेश बाहेर आले, ज्यांत त्याने ज्यूंच्या कंजूषपणाविषयीची जुनीच घाणेरडी समजूत हसण्यावारी वापरली होती. तेव्हा तो १९-२० वर्षांचा होता. त्याच्यावर टपून बसलेल्यांना हर्ष झाला असणार. बघा, हाही तसलाच. जणू त्याने काही चुकीचे लिहिले म्हणजे त्याच्याशी झालेले सगळे बरोबर ठरले. रफिकने हे माझेच शब्द आहेत, मला लाज वाटते, असे सांगून टाकले. संदर्भ वेगळा होता, खाते दुसरे कोणी वापरत होते, असली पळवाट त्याने शोधली नाही. ब्रिटिश ज्यूंच्या प्रातिनिधिक मंडळाच्या अध्यक्षा मारी व्हॅन डर झाइल यांनी त्याची माफी मनापासूनची वाटते असे म्हटले. तिथेच न थांबता तो पुढे आउश्विट्झला जाऊन आला. ऑक्टोबर २०२२मध्ये शिस्तपालन आयोगाने ज्या पाच जणांना जुन्या मजकुराबद्दल समज दिली, त्यांत त्याचे नाव होते आणि त्याने ज्यांच्यावर आरोप केले होते त्यांतला यॉर्कशरचा माजी प्रशिक्षक अँड्र्यू गेल याचेही. एकाच कागदावर दोघे.

त्याच यादीत जॅक ब्रुक्स होता. यॉर्कशरकडून खेळताना चेतेश्वर पुजाराला ज्यांनी 'स्टीव्ह' म्हटले त्यांतला तो एक. पुजारा हे नाव जिभेवर बसेना म्हणून सरळ दुसरेच चिकटवायचे, ही त्यातली गंमत. ब्रुक्सने थेट पुजाराशी संपर्क साधून माफी मागितल्याचे सांगितले. मला ही गोष्ट लहान वाटत नाही, कारण बाकीचे बहुतेक माफीनामे ज्यांना ज्यांना वाईट वाटले असेल त्या सगळ्यांच्या नावाने लिहिलेले असतात. त्यांच्यावर पत्ता नसतो. ते प्रायोजकांपाशी, मंडळापाशी, क्लबपाशी पोहोचतात आणि तिथेच स्वीकारले जातात.

माझ्या ओळीला ना प्रायोजक होता ना मंडळ. मी ती एका बटणाने पुसू शकलो असतो, आणि खरे सांगायचे तर बोट त्या बटणापर्यंत गेलेही होते. सेमेन्यापर्यंत माझी दिलगिरी पोहोचवणे हा निव्वळ देखावा झाला असता, तिने माझे नाव कधी ऐकलेले नाही. पण एक पत्ता माझ्याकडे होता. मी त्या मैत्रिणीला निरोप पाठवला. बारा वर्षांपूर्वीची पोस्ट, तुझी प्रतिक्रिया, मी उत्तर दिले नव्हते, वगैरे. दहा वेळा लिहिले आणि खोडले. प्रत्येक खर्ड्यात 'तेव्हा मी' अशी सुरुवात होत होती, ती काढल्यावर फार थोडे उरले.

तिचे उत्तर दोन दिवसांनी आले. "आठवतं की," तिने लिहिले होते. "तेव्हा भांडावंसं वाटलं होतं. मग विचार केला, कशाला. नंतर मी तुझ्याशी बोलणं कमी केलं, तुझ्या लक्षात आलं नसेल."

माझ्या लक्षात आले नव्हते. संसार, नोकऱ्या, गावे बदलणे, यांत मैत्र्या विरतात तशी हीदेखील विरली असे मी धरून चाललो होतो. बारा वर्षे मला एक शिक्षा चालू होती आणि तिची मला खबर नव्हती.

मी तिला मनापासून काहीतरी मोठे लिहायला बसलो, आणि मग आठवले की तिने मला साधा प्रश्न विचारला होता. मी ती शर्यत पुन्हा लावली. शेवटच्या वळणावर सेमेन्या मागे वळून पाहते, कोणीच जवळ नसते, आणि ती आणखी वेग घेते. मी मैत्रिणीला लिहिले: १ मिनिट ५५.४५ सेकंद.

"हो," तिने लिहिले. "माझी सगळ्यात चांगली वेळ २ मिनिटं १९."